चार जीबी चाळीस रुपये

डिचोलीच्या बसस्टँडला पाठ लावून माझं दुकान,
दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसरं रस्त्यावर.
काचेवर मीच लाल रंगानं लिहिलेलं:
चार जीबी चाळीस रुपये.

खाणीचे ट्रकवाले यायचे, भुवयांपर्यंत लाल धूळ,
नखाएवढं कार्ड तळहातावर धरून,
पडलेला दात पोर आईला दाखवतं तसं.
मी एवढंच विचारायचो, हिंदी, कोंकणी की भजनं?
निळी पट्टी सरकत शंभरावर पोचायची
आणि गाणी खिशात घालून माणूस
बोर्ड्याच्या चढावर दिसेनासा व्हायचा.

माझ्याकडे ती कुठून आली?
म्हापशाच्या एकाच्या डिस्कवरून. त्याला पणजीतून.
त्याला वरून, म्हणजे कुणालाच ठाऊक नाही कुठून.
झऱ्याचं पाणी पिताना उतारा कोण बघतो,
असं उत्तर मी तयार ठेवलं होतं.
कुणी विचारलंच नाही.

एका चवथीच्या तोंडावर सोयरू च्यारी आले, नार्व्याचे.
पिशवीत रुमाल, रुमालात फोन,
नातवानं कुवेतहून पाठवलेला.
घुमटावरच्या आरत्या घाल म्हणाले.
भरल्या, आणि वाजतंय का बघायला
मधलीच एक लावली. फाईलीचं नाव नुसतं सात.
आधी शामेळ, मग कासाळं,
मग कुणीतरी खोकलं,
आणि त्या खोकल्याच्या पाठीवर पाय देऊन
आवाज वर चढला.

म्हातारा ऐकत होता की मोजत होता, कळेना.
"ही खोंकली म्हजी," म्हणाला.

त्र्याण्णव साल. म्हापशात गादीवाल्याच्या माडीवर
भिंतींना काथ्या ठोकलेली खोली.
दीडशे रुपये आणि एक शर्टपीस.
खोकल्यावर हे म्हणाले, परत एक फावट घेऊया.
मालक म्हणाला, टेप महाग आहे.
कंपनी बुडाली. घरच्या कॅसेटला बुरशी लागली.
आणि घुमटाला तेव्हा घोरपडीचं कातडं असायचं,
कायद्यानं ते बंद झालं, बरं झालं, आता बकरीचं ताणतात,
पण सातव्या फाईलीत ती घोरपड
अजून गुरगुरते.

मी नको असताना हिशोब करत बसलो.
किती कार्डं. किती चवथी.
"पैसे नकोत," म्हणालो.
त्यांनी चाळीस मोजून काचेवर ठेवले.
"तुजो लायट जळटा न्ही?"
पायरी उतरून वळले:
"आनी म्हजें?"
रागानं नाही. बस किती वाजता, असं विचारतात तसं.
मी कार्ड-रीडरची वायर गुंडाळत राहिलो.
मग तेच म्हणाले, तेवढी खोकली काढता येते का बघ.
मला येत नव्हती.

आता मी फोनची कव्हरं विकतो.
मुलगी म्हणते, महिन्याचे पैसे भरा, सगळं कायद्यात.
भरतो. भरावेत, असं माझं मतही आहे,
फुकट उचलणं ती चोरीच,
आणि चोराचं मत म्हणून ते जरा जास्त धरावं.
तिथंच परवा ती आरती सापडली.
स्वच्छ. धुतलेली. खोकली नाही.
खाली कुठल्याशा कंपनीचं नाव,
गायकाच्या जागी लिहिलंय: पारंपरिक.
सोयरू असते तर खूश झाले असते, खोकली गेली म्हणून.
हे मला झोपू देत नाही.

काल त्यांचा नातू आला, कुवेत सोडून.
आजोबांची ती खोकलीवाली तुमच्याकडे आहे म्हणे.
होती. जुनी डिस्क तीनदा अडकली, चौथ्यांदा फिरली.
फाईलीला मी नाव दिलं, सोयरू च्यारी, नार्वे.
पट्टी शंभरावर गेली.
किती झाले, त्यानं विचारलं.

मी चाळीस सांगितले. घेतलेही.
का घेतले, ते अजून
मला नीट सांगता येत नाही.